वेबमुळे महास्फोट खोटा ठरला म्हणे. जरा दमानं घ्या!

अर्धचंद्र
काल फिरत फिरत आलेली एक पोस्ट वाचून डोकं सणकलं. मजकूर असा: 'महास्फोटानंतर ३० कोटी वर्षांत एवढ्या मोठ्या आकाशगंगा बनणं अशक्य. जेम्स वेब दुर्बिणीने महास्फोट खोटा पाडला, शास्त्रज्ञ गप्प.' गप्प कुठे आहेत बाबा? जुलै २०२२ मध्ये पहिली चित्रं आली तेव्हापासून बोलतच सुटलेत.

दुर्बिणीला वस्तुमान दिसत नाही, उजेड दिसतो. त्या उजेडावरून तारे किती हे आपण काढतो, आणि काढताना धरून चालतो की जड आणि हलके तारे आज आपल्या आसपास ज्या प्रमाणात जन्मतात त्याच प्रमाणात तेव्हाही जन्मत होते. का म्हणून? तेव्हाच्या वायूत हायड्रोजन-हेलियमखेरीज फारसं काही नव्हतं, त्यामुळे तो सहजी थंड होत नव्हता. अशा वायूतून जड तारे जास्त निघाले असतील तर थोडक्या वस्तुमानात लखलखाट होतो. शिवाय तारे एकसारखे न बनता मध्येच भसाभसा आणि मध्येच अजिबात नाही असे बनत असतील, तर आपल्याला दिसतात त्या भसाभसा बनवणाऱ्याच. बाकीच्या अंधारात. यात महास्फोटाने काय घोडं मारलं?

पुनर्वसू
आकाशगंगा एकच, आपली. बाकीच्या दीर्घिका. हे लिहून लिहून माझी बोटं झिजली. बाकी चालू द्या.

स्पष्टवक्ता
म्हणजे निरीक्षण जुळलं नाही की ताऱ्यांचं प्रमाण बदला. पुरलं नाही की भसाभसा. ठिगळांचा तुटवडा नाही एकूण. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये ६ दीर्घिका (घ्या, पुनर्वसू) आल्या, विश्व ५० ते ७० कोटी वर्षांचं असतानाच्या. एकीचं वस्तुमान सूर्याच्या १०,००० कोटी पट. खगोलशास्त्रज्ञ बॉयलन-कोल्चिन यांनी हिशोब मांडला, तर हाताशी असलेला जवळजवळ सगळा वायू ताऱ्यांत घालावा लागतो. एरवी पाचवा हिस्सा गेला तरी खूप झालं म्हणतात. हा माणूस महास्फोटाच्या विरोधातला नाही, हे मुद्दाम सांगतो.

रात्रपाळी
त्या ६ पैकी एकीचा वर्णपट (उजेडाची रंगनिहाय फोड) घेतला तर ताम्रसृती (उजेड तांबड्याकडे किती सरकला ते; आकडा मोठा तितका काळ जुना) ५.६ निघाली, म्हणजे ती बरीच अलीकडची. वर आत कृष्णविवर पेटलेलं, उजेड सगळा ताऱ्यांचा नव्हेच. सीअर्स-९३३१६ या दीर्घिकेची तऱ्हा त्याहून वाईट. रंगांवरून अंदाज १६ चा, वर्णपटात ४.९. धूळ आणि प्रखर उत्सर्जन रेषा (तापलेला वायू ठरावीक रंगांतच फेकतो तो उजेड) मिळून असं सोंग वठवतात.

माझंच सांगतो. मी संशोधनात होतो तेव्हा संगणकावर बनवलेल्या दीर्घिकेचे रंग घेऊन तिचं वस्तुमान काढायचं काम होतं. खरं उत्तर आम्हाला ठाऊक, कारण दीर्घिका आम्हीच बनवलेली. तरी माझं उत्तर सहापट आलं. दोन आठवडे प्रोग्रॅममधली चूक शोधली. प्रोग्रॅम बरोबर होता. तारे कधी बनले याबद्दल मी धरलेला इतिहास चुकला होता. तेव्हापासून कुणी 'वस्तुमान अमुक इतकं' म्हटलं की मी आधी विचारतो, काय धरून?

स्पष्टवक्ता
तुमच्या सहापटीने विश्व चालत नाही. जेड्स-जीएस-झेड१४-० या दीर्घिकेचा तर वर्णपटच आहे ना? ताम्रसृती १४ च्या वर, विश्व जेमतेम ३० कोटी वर्षांचं, आणि २०२५ मध्ये अल्मा दुर्बिणींना तिथे ऑक्सिजन सापडला. ऑक्सिजन म्हणजे जड तारे जन्मून, मरूनसुद्धा झाले.

आणि एक. शाळेत असताना नारळीकर सरांचं व्याख्यान ऐकलं म्हणून मी या विषयाकडे वळलो. पुढे कॉलेजच्या परीक्षेत महास्फोटाला पर्याय म्हणून स्थिर-स्थिती सिद्धांत (विश्वाला आरंभ नाही, ते कायम सारखंच; नारळीकर सरांचाही हाच पक्ष) लिहिला तर परीक्षकाने सरळ शून्य दिलं. शेजारी शेराही नाही. ही तुमची वैज्ञानिक वृत्ती.

अर्धचंद्र
परीक्षकाचा राग विश्वावर काढू नका.

स्पष्टवक्ता
खिल्ली उडवणं सोपं असतं.

ज्येष्ठा
अर्धचंद्र, हे बरं नाही केलंत. नारळीकरांचं नाव निघालं की इथे एक तर आरती नाही तर टवाळी. हॉइल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी १९९३ मध्ये अर्ध-स्थिर-स्थितीचं प्रारूप मांडलं, ते प्रवाहाविरुद्ध उभं राहून. त्याचा मान ठेवा.

पण स्पष्टवक्ता, तुम्हीही ऐका. विश्व कायम सारखंच असतं, तर दूरच्या दीर्घिका सरासरीने जवळच्यांसारख्याच दिसायला हव्या होत्या. वेबला दिसतात त्या लहान, दाटीच्या, जड मूलद्रव्यं कमी असलेल्या. तुमच्या झेड१४-० चा व्याससुद्धा जेमतेम दीड हजार प्रकाशवर्षांच्या आसपास. म्हणजे वेबचा पुरावा महास्फोटाला टोचत असेल, तर मूळच्या स्थिर-स्थितीला भोसकतोय.

स्पष्टवक्ता
अर्ध-स्थिर प्रारूपात विश्व पसरण्या-आकसण्याची चक्रं होती, ते सोयीस्करपणे गाळलंत.

ज्येष्ठा
गाळलं नाही, म्हणून तर 'मूळच्या' म्हटलं. नीट वाचायचे कष्ट घ्या की!

धुमकेतू१२
आता विश्व २६७० कोटी वर्षांचं असल्याचा राजेंद्र गुप्ता यांचा २०२३ चा निबंध कोण आणतंय त्याची वाट बघतोय.

अर्धचंद्र
मीच आणतो. मग २००० कोटी वर्षांचे म्हातारे तारे कुठे आहेत? १३८० कोटींच्या (विश्वाचं मानलेलं वय) पलीकडचा म्हणून ठामपणे दाखवता येईल असा एकही नाही. तारे स्वतःच घड्याळ आहेत हो.

वातकुक्कुट
मूळ विषयाकडे येऊ का? खगोलशास्त्रज्ञ डेकेल आणि मंडळींनी २०२३ मध्ये एक सुचवलंय, ते मला पटतं. एरवी तारे बनू लागले की त्यांतले जड तारे अधिनवतारे होऊन, म्हणजे स्फोट होऊन, उरलेला वायू उधळतात. पण त्याला २०-३० लाख वर्षं लागतात. तेव्हाचा वायू इतका दाट, की तो १० लाख वर्षांतच कोसळून तारे होतो. पहिला स्फोट होईपर्यंत उधळायला फारसं काही उरतच नाही. वायूचा मोठा हिस्सा ताऱ्यांत जातो आणि जड ताऱ्यांचं प्रमाण बदलायची गरजही पडत नाही.

रात्रपाळी
असहमत. हे खरं असेल तर अर्धचंद्र यांचं जड ताऱ्यांचं प्रकरण बाद होतं, आणि ते मी सोडणार नाही.

अर्धचंद्र
दोन्ही थोडं थोडं असू शकतं की. स्पष्टवक्ता, एक कबूल करतो. नको तिथे टोमणा मारला. आणि ताम्रसृती १० च्या पुढच्या ठळक दीर्घिका वेब उडण्याआधीच्या अंदाजांपेक्षा खरोखरच जास्त निघाल्यात. तो नुसता मोजमापातला घोळ नाही.

स्पष्टवक्ता
धन्य झालो. माझ्याकडूनही घ्या: ६ पैकी एक गेली हे मला माहीत नव्हतं. उरलेल्या ५ चं बोला.

पुनर्वसू
अर्धचंद्र आता दीर्घिका म्हणताहेत. मी झोपायला मोकळा.