मदत हवी आहे : मुलांना जुने संगीतपट दाखवतेय, पुढचा कोणता लावू?

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी सुट्टीत घरची-शेजारची मिळून वीसेक पोरं जमतात, सहा ते बारा वर्षांची. भाच्याने त्याचा जुना प्रोजेक्टर दिलाय. शनिवारी जेवणं उरकली की घराच्या धाब्यावर (सपाट छतावर) चादर ताणून बांधते आणि सिनेमा लावते. मला गाण्यांचेच जुने सिनेमे दाखवायचेत. या मुलांना गाणं म्हणजे मोबाइलवरचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा एवढंच ठाऊक झालंय, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिला लावला प्रभातचा 'संत तुकाराम', १९३६चा. कंटाळतील अशी धास्ती होती. पण जिजाई चप्पल घेऊन पांडुरंगाला जाब विचारायला देवळात जाते तिथे सगळी पुढे सरकून बसली. 'आधी बीज एकले' दोघीतिघींना पाठ झालंय. (हा अभंग तुकोबांचा नव्हे, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेला, हे त्यांना सांगितलं तर पटेना!)

मग 'साउंड ऑफ म्युझिक' लावला, इंग्रजीतूनच. त्यातला कप्तान सात मुलांना शिट्टी वाजवून बोलावतो, प्रत्येकाची शिट्टी वेगळी. दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात दिवसभर तोच खेळ. 'डो-रे-मी'च्या वेळी मी पेटीवर सा रे ग म वाजवून दाखवलं, तेव्हा एकीचे डोळे असे चमकले की काय सांगू.

पण सिनेमा जवळपास तीन तासांचा. लग्नानंतर नाझींचा भाग सुरू झाला तोवर निम्मी पोरं गोधडीत झोपलेली. शिवाय ऐन गाण्यात "मोठी माय, काय म्हनस ती?" असं कुणीतरी विचारायचं. मी सिनेमा थांबवून अहिराणीत अर्थ सांगायचे, आणि तेवढ्यात गाण्यातली जान जायची. हे माझंच चुकलं असं वाटतंय. गोष्ट आधी सांगून टाकावी आणि गाण्यात अजिबात बोलू नये, की चालू गाण्यात हळू आवाजात सांगावं? शिक्षक मंडळींनी जरूर लिहा. आणि लांब सिनेमा दोन रात्रींत वाटून दाखवला तर मुलांची गोडी टिकते का?

पुढचा म्हणून 'विझार्ड ऑफ ऑझ' (१९३९) मनात आहे. पावणेदोन तासांच्या आत संपतो. सुरुवातीचं तपकिरी चित्र, मग डोरोथी दार उघडते आणि एकदम रंग! ते दार उघडताना मला या पोरांचे चेहरे बघायचेत. भीती एकच, त्यातली चेटकीण आणि पंखवाली माकडं. अंधारात, धाब्यावर, सहा वर्षांच्या पोराला झेपेल का? कुणी एवढ्या लहान मुलांना दाखवलाय का?

दुसरा पर्याय सत्यजित राय यांचा 'गुपी गाइन बाघा बाइन' (१९६९). बंगाली आहे, पण भुतांचा नाच आणि टाळी दिली की जेवण हजर, हे भाषेवाचून कळतं. माझा कल इकडेच आहे. 'सिंगिंग इन द रेन' मला स्वतःला अतिशय आवडतो, पण मूकपटांचा जमाना संपून बोलपट आले ही गोष्ट लहानग्यांना उमजेल का?

हिंदीत 'परिचय' आहेच, तो दिवाळीच्या सुट्टीसाठी राखलाय. अजून काही मराठी नाव सुचलं तर हवंच, दोन तासांच्या आतलं असेल तर उत्तम. शनिवारी लावायचाय, म्हणून शुक्रवारपर्यंत कळवलंत तर आधी एकदा स्वतः बघून घेता येईल.