तिन्ही निकषांत बसणारे गाव २०११ च्या जनगणनेत ‘ग्रामीण’ कसे?

भूगोल_अभ्यासक: नमस्कार. प्रबंधासाठी मी आमच्या तालुक्यातील वस्त्यांची नागरी आणि ग्रामीण अशी विभागणी करत आहे. किमान ५,००० लोकसंख्या, पुरुष मुख्य कामगारांपैकी (वर्षात किमान सहा महिने काम करणाऱ्यांपैकी) किमान ७५ टक्के बिगरशेती कामात आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० घनता, हे जनगणना शहराचे (नगरपालिका वगैरे नसूनही जनगणनेत नागरी धरल्या जाणाऱ्या वस्तीचे) तीन निकष मी घेतले आहेत. औद्योगिक वसाहतीला लागून असलेले एक गाव २०११ च्या आकड्यांनुसार तिन्हींत बसते, तरीही तक्त्यात त्याच्यापुढे ‘ग्रामीण’ असेच छापले आहे. दोनदा पडताळून पाहिले. माझे कुठे चुकते आहे?

जुने_तक्ते: आपले गणित बरोबर असावे, वर्ष मात्र तपासा. मोजणीचे गट आणि नकाशे गावांसाठी व शहरांसाठी वेगवेगळे आखावे लागत असल्याने कोणती वस्ती नागरी धरायची हे मोजणीपूर्वीच ठरते, आणि म्हणून २०११ ची यादी २००१ च्या आकड्यांवरून तयार झाली. ज्या गावांची लोकसंख्या २००१ मध्ये ४,००० किंवा त्याहून अधिक होती आणि ज्यांनी घनतेचा व बिगरशेती कामाचा निकष तेव्हाच पूर्ण केला होता, त्यांनाच जनगणना शहर मानले गेले. कारखाने नंतर आले असतील, तर आपल्या गावाचा बदल त्या यादीत दिसणारच नाही. उलट प्रकारही आढळतो: यादीतील काही वस्त्यांची लोकसंख्या २०११ मध्ये प्रत्यक्षात ५,००० च्या खालीच भरली.

आकडेमोड: वरील उत्तर योग्य आहे. घनता काढताना क्षेत्रफळ हेक्टरमध्ये असेल, तर ४०० म्हणजे हेक्टरी ४ माणसे हे ध्यानात ठेवावे. ९५० हेक्टरच्या गावाला ३,८०० लोकसंख्या पुरते.

मला अधिक खटकते ती ‘इतर कामगार’ ही रकान्याची व्याख्या. शेतकरी आणि शेतमजूर वगळून बिगरशेतीचे प्रमाण काढले, तर मासेमारी करणारे आणि नारळी-पोफळीच्या बागांत राबणारेही ‘इतर’मध्ये जातात, आणि कोकणातील एखादे कोळी गाव कागदावर कारखान्यांच्या गावासारखे दिसू लागते. शिवाय हा निकष केवळ पुरुषांचा आहे. नवरा वसाहतीत पाळीवर जातो आणि बायको खुरपणीला जाते, अशा घरातील तिचे काम या वर्गीकरणात कुठेच मोजले जात नाही. आपण स्त्रियांचे प्रमाण वेगळे काढून प्रबंधात अवश्य द्यावे.

किनारपट्टी: एक भेद स्पष्ट ठेवा. नगरपालिका, महानगरपालिका, नगरपंचायत किंवा छावणी मंडळ असलेले ठिकाण वैधानिक शहर ठरते आणि त्याला हे तीन निकष लागत नाहीत. याउलट जनगणना शहराचा कारभार बहुधा पंचायतीकडेच राहतो. गोव्यातील कळंगुट जनगणनेत नागरी आहे, पण तेथे ग्रामपंचायतच आहे. देशात जनगणना शहरांची संख्या २००१ मधील १,३६२ वरून २०११ मध्ये ३,८९४ झाली, म्हणून दोन्ही प्रकार एकाच रकान्यात टाकल्यास नागरीकरणाची वाढ नेमकी कशामुळे झाली हे कळणार नाही.

भूगोल_अभ्यासक: सर्वांचे मनापासून आभार. २००१ चा तक्ता काढला. तेव्हा या गावाची लोकसंख्या ४,००० हून कमी होती आणि निम्म्याहून अधिक पुरुष शेतीतच होते. आता अधिकृत वर्ग आणि २०११ च्या आकड्यांवरून येणारा वर्ग असे दोन रकाने ठेवत आहे. स्त्रियांचे प्रमाणही आज रात्री काढते.