रॅग्नारॉक ही खऱ्या आपत्तीची आठवण आहे का?

उत्तरध्रुव: नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियाच्या पुराणात रॅग्नारॉकच्या, म्हणजे प्रलयाच्या आधी फिंबुलविंटर येतो: लागोपाठ तीन हिवाळे, मध्ये उन्हाळाच नाही. मला ही निव्वळ कल्पना वाटत नाही. इ.स. ५३६ मध्ये ज्वालामुखीच्या धुरळ्याने सूर्य झाकोळला. त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस लिहितो की तो वर्षभर चंद्रासारखा निस्तेज होता. ५४०च्या सुमारास दुसरा उद्रेक. त्या गार उन्हाळ्यांच्या खुणा झाडांच्या वाढवलयांत आजही दिसतात. स्वीडनमध्ये त्याच शतकात वस्त्या ओस पडल्या. असलं संकट पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जाणारच.

तिरकस: असहमत. तीन हिवाळ्यांचं हे वर्णन आइसलंडचा लेखक स्नोरी स्टुर्लुसन याच्या एड्डा या पुराणकथांच्या ग्रंथातलं, साधारण १२२० सालचं. मध्ये जवळजवळ सातशे वर्षं गेली! थंडीची धास्ती त्या लोकांना दरसालच होती, त्यासाठी ५३६ कशाला हवं? पुराणातल्या ओळीओळीत हवामान खात्याचा अहवाल शोधायची खोड आपल्याकडेही आहेच म्हणा.

गारगोटी: ५३६ सोडा, आइसलंड बघा. रॅग्नारॉकमध्ये जग जाळणारा अग्निदैत्य सुर्त, त्याच्या नावाची तिथे लाव्हाने घडवलेली लांबलचक गुहा आहे. आत खोलवर, मिट्ट काळोखात, दगडांची नावेच्या आकाराची मांडणी आणि गुराढोरांच्या जळक्या हाडांचा चुरा सापडला. नुसत्या गोष्टीसाठी कुणी एवढ्या आत बळी घेऊन जाईल?

तिरकस: श्रद्धा होती हे मान्य. पण सुर्त लाव्ह्यातून जन्मला की लाव्हा बघून लोकांना सुर्त आठवला? १९६३मध्ये समुद्रातून बेट वर आलं, त्याला सुर्तसी नाव दिलं. तिथे तरी गोष्ट आधी, ज्वालामुखी नंतर.

हेमांगी: यावर क्रिस्तनी सागा या आइसलंडच्या धर्मांतराच्या जुन्या कथेतला किस्सा भारी आहे. इ.स. १००० च्या सुमारास अल्थिंग या तिथल्या लोकसभेत ख्रिस्ती धर्म घ्यायचा की नाही यावर वाद पेटलेला. तेवढ्यात निरोप आला, ओल्फुसमध्ये लाव्हा उसळलाय. जुन्या धर्माचे म्हणाले, देव कोपले. त्यावर स्नोरी गोदी हा सरदार (वरचा स्नोरी नव्हे, हा दोनशे वर्षं आधीचा) विचारतो, आपण उभे आहोत तो लाव्हा जळत होता तेव्हा देव कशावर रागावले होते?

तिरकस: घ्या! तिथल्याच माणसाने देव आणि लाव्हा वेगळे केले.

उत्तरध्रुव: एकाने. बाकीच्यांना आधी देवच आठवले ना? माझा मुद्दा त्यांच्याबद्दल आहे.