मधलं पद फोडताना अडतंय: ६क्ष² − ११क्ष − १०

विश्रामबाग_एफवाय:
बीएस्सी पहिलं वर्ष, सांगली. नुसत्या क्ष² ने सुरू होणाऱ्या त्रिपदीचे अवयव पडतात. पुढे ६ किंवा ८ सहगुणक आला की अंदाजाने जोड्या लावत बसते. वेगळा क्लास लावू का?

मिरज_गणित:
एवढ्यासाठी क्लास नको. टोकाच्या सहगुणकांचा गुणाकार करा: ६ × (−१०) = −६०. गुणाकार ऋण, म्हणजे दोन संख्यांची चिन्हं वेगळी. बेरीज −११, म्हणजे मोठी ऋण. ६० च्या जोड्या १ पासून क्रमाने लिहा, फरक ११ हवा. १५ आणि ४ सापडतात.
६क्ष² − १५क्ष + ४क्ष − १०
= ३क्ष(२क्ष − ५) + २(२क्ष − ५)
= (२क्ष − ५)(३क्ष + २)

कृष्णाकाठ:
बरोबर. +४क्ष आधी लिहिलं तरी उत्तर तेच, पण मार्क तिथेच जातात:
२क्ष(३क्ष + २) − ५(३क्ष + २)
बरेच जण दुसऱ्या कंसात (३क्ष − २) लिहितात. −५ बाहेर काढला की आतलं चिन्ह बदलतं. दोन्ही कंस सारखे नसतील तर पुढे जाऊच नका.

विश्रामबाग_एफवाय:
आणि जोडी सापडलीच नाही तर?

मिरज_गणित:
आधी विवेचक काढा, म्हणजे मधल्या सहगुणकाचा वर्ग वजा टोकाच्या सहगुणकांच्या गुणाकाराची चौपट: (−११)² − ४ × (−६०) = १२१ + २४० = ३६१, म्हणजे १९ चा वर्ग. पूर्ण वर्ग नसेल तर पूर्णांकी जोडी नाहीच, शोधत बसू नका.

कृष्णाकाठ:
ताई, सामाईक अवयव मात्र सगळ्यात आधी. ८क्ष² − १८ मध्ये २ बाहेर काढल्याशिवाय वर्गांची वजाबाकी दिसत नाही: २(२क्ष − ३)(२क्ष + ३).