सिक्स-२० मध्ये १२० चा रोल: स्पूल कापावा की फिल्म दुसऱ्या स्पूलवर घ्यावी?

गिरगाव_६२०
चोर बाजारात कोडॅक सिक्स-२० हा ६२० मापाच्या फिल्मचा घडीचा कॅमेरा मिळाला. शटर चालतं. अंधारात आत टॉर्च धरून लेन्समागचा भाता तपासला, भोकं नाहीत. पण आज मिळणारा १२० मापाचा रोल आत बसत नाही, स्पूलच्या (फिल्म गुंडाळायच्या रिळाच्या) टोकांच्या चकत्या अडतात. नेलकटरने चकत्या कापून काम भागतं असं ऐकलं. कापू का? कॅमेऱ्यात पत्र्याचा एक रिकामा ६२० स्पूल आहे. घरात ११६ मापाच्या फिल्मचा एक कोडॅक कॅमेराही पडून आहे, त्याचं काय करता येईल?

दादर_डार्करूम
कापू नका. १२० आणि ६२० दोन्हींत फिल्म एकच आहे, रुंदी साधारण ६१.५ मिमी, मागच्या कागदावरचे आकडेही तेच. फरक फक्त स्पूलचा: ६२० चा दांडा बारीक, चकत्या लहान. कापताना चकती जरा जास्त गेली की रोलच्या कडेने उजेड शिरतो, शिवाय प्लॅस्टिकचा चुरा फिल्मवर ओरखडे काढतो. आणि गुंडाळणाऱ्या बाजूला ६२० चाच स्पूल लागतो, कारण फिल्म पुढे घेणाऱ्या चावीची जीभ त्याच्याच खाचेत बसते. म्हणून आधी आणखी एक ६२० स्पूल शोधा. ६२० ची फिल्म कोडॅकने १९९५ मध्ये बंद केली, त्यामुळे स्पूल जुन्या कॅमेऱ्यांच्या पोटातच सापडतात.

मग पूर्ण अंधारात, लाल दिवाही नको: १२० चा रोल उलगडत कुठल्याही रिकाम्या स्पूलवर घ्या. आता कागदाचं सुरुवातीचं टोक आत गेलं. तिथून पुन्हा ६२० वर गुंडाळा, म्हणजे सुरुवात बाहेर येते. एकाच फेरीत थांबलात तर रोल उलटा राहतो.

खरी अडचण दुसऱ्या फेरीच्या शेवटी येते. फिल्म कागदाला फक्त सुरुवातीच्या टोकाला चिकटवलेली असते. बारीक दांड्यावर कागद आणि फिल्म यांचा मेळ बदलतो आणि त्या पट्टीपाशी फुगा येतो. तो दाबून पुढे जाऊ नका, घडी पडेल. पट्टी हळू सोडवा, फिल्म सपाट होऊ द्या, पुन्हा चिकटवा. झटक्यात ओढली तर पट्टीतून ठिणगीसारखा उजेड पडतो आणि फिल्मवर डाग येतो.

आधी एक वाया गेलेला रोल उजेडात, मग डोळे मिटून पाच-सहा वेळा गुंडाळा.

माटुंगा_भाता
यात एक भर. मुंबईच्या उकाड्यात चेंजिंग बॅगमध्ये (हात घालून फिल्म हाताळायची उजेडबंद पिशवी) हात लगेच घामेजतात आणि ओल्या बोटांना इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा थर, चिकटतं. रात्री बाथरूम बरं: खिडकीला काळा कागद, दाराच्या फटीला टॉवेल. जमीन कोरडी हवी. फिल्म कडेनेच धरा.

कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या, आकडे दाखवणाऱ्या लाल खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा, फिल्म पुढे घेतानाच सावलीत उघडा. आजची पॅनक्रोमॅटिक (सगळ्या रंगांचा उजेड पकडणारी) फिल्म लाल उजेडही पकडते. सिक्स-२० वर ६×९ चे आठ फोटो येतात.

दादर_डार्करूम
११६ च्या कॅमेऱ्याबद्दल: त्याची फिल्म ७० मिमी रुंद होती, म्हणजे १२० च्या स्पूलला दोन्ही टोकांना साधारण सव्वाचार मिमीचा जोड हवा. थ्रीडी प्रिंट करून घेता येतो, पण स्पूल मधोमध बसतो ना हे व्हर्निअरने मोजा. गुंडाळणाऱ्या बाजूच्या जोडाला चावी आणि स्पूल या दोन्हींच्या खाचांशी जुळणारी जीभ लागते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे फिल्मची चौकट. ती १२० ला रुंद पडते, फिल्म मध्ये झोल खाते आणि फोटो कडेला अस्पष्ट येतो. चौकटीच्या आत दोन्ही लांब कडांना काळ्या जाड कार्डाच्या पट्ट्या लावा, पण फिल्म ज्यावरून सरकते त्या रुळाच्या पातळीतच. वर आल्या तर फिल्म मागे सरकते आणि फोकस चुकतो.

खिडकीतले आकडे ११६ च्या अंतराशी जुळणार नाहीत. वापरलेल्या रोलचा मागचा कागद घालून पाठ उघडी ठेवा, चौकटीच्या लांबीइतका कागद सरकायला चावीचे किती फेरे लागतात ते लिहून घ्या. रोल भरत जातो तसे फेरे कमी होतात, म्हणून प्रत्येक फोटोचा आकडा वेगळा लिहा.

गिरगाव_६२०
लॅबला काय सांगायचं?

माटुंगा_भाता
रोलवर ठळक लिहा: "६२० स्पूल, परत हवा". डेव्हलप करून झाल्यावर रिकामे स्पूल सहसा कचऱ्यात जातात.