चारचाकी दारात असताना बाईकच का काढावीशी वाटते?

धाकट्याची ताई:
माझ्या धाकट्या भावाला चारचाकी उत्तम चालवता येते. तरी सुट्टीचा दिवस उजाडला की हा हेल्मेट घेऊन बाहेर. उन्हात भाजून नाहीतर पावसात निथळत परत येतो आणि तरीही खुशीत असतो. विचारलं तर म्हणतो, "ताई, मागे बसून नाही कळायचं." पेट्रोल कमी लागतं, गर्दीतून वाट काढता येते, हे मला समजतं. पण काहीही काम नसताना नुसतं फिरून यायला एवढा त्रास कशासाठी? चालवणाऱ्यांनी जरा उलगडून सांगा. "मोकळं वाटतं" एवढ्यावर माझं समाधान होणार नाही.

वळणवाट:
ताई, माझ्यापुरतं उत्तर एकच आहे: वळण. सरळ रस्त्यावर बाईक मला बरी वाटते, वळणावर ती मला आवडते.

चारचाकी वळते तेव्हा आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो, दाराला नाहीतर शेजारच्याला टेकतो. बाईक स्वतःच आत झुकते, त्यामुळे अंग बाजूला जात नाही, सीटमध्ये खाली दाबलं जातं. ५० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ६० किमीने घेतलं तर गाडी साधारण ३० अंश कलते आणि आपलं वजन १५ टक्क्यांनी वाढल्यासारखं जाणवतं. ते वजन पोटात कळतं. वळण संपताना हलकेच रेस वाढवली की गाडी आपोआप उभी राहायला लागते. तो क्षण मला पुन्हा पुन्हा हवासा वाटतो.

आणि हे सगळं हँडल फिरवून होत नाही. वेगात उजवीकडे जायचं तर उजव्या हाताने हँडल किंचित पुढे ढकलायचं. पुढचं चाक क्षणभर डावीकडे जातं आणि गाडी उजवीकडे कलते. बाईक चालवणारा प्रत्येकजण हे करतो, बहुतेकांना ते ठाऊकही नसतं. मला कळलं त्या दिवसापासून मी ते जाणूनबुजून करू लागलो आणि चालवण्याची गोडी दुप्पट झाली.

डाइमलर आणि मायबाख यांनी १८८५ साली पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी बनवली, तिला तोल सांभाळायला दोन्ही बाजूंना छोटी चाकं लावली होती. म्हणजे खरी मजा तिच्यात नव्हतीच! झुकायची मोकळीक नाही तर बाईक कसली.

आता डोक्याचं सांगतो. वळणाआधी वेग कमी करायचा, क्लच ओढून जराशी रेस देत गिअर खाली घ्यायचा, क्लच असा सोडायचा की मागचं चाक झटका खाणार नाही. तोवर नजर वळणाच्या पलीकडे पोचलेली हवी, कारण जिथे बघाल तिथेच गाडी जाते. खड्ड्यावर डोळे खिळले की खड्ड्यात गेलातच म्हणून समजा. दोन हात, दोन पाय, डोळे, सगळे कामाला लागलेले. अशा वेळी ऑफिसातली कटकट डोक्यात शिरणार कुठून? घरी बसून मन शांत करायला मला जमत नाही, बाईकवर ते आपोआप होतं. तुमचा भाऊ खुशीत परततो त्यामागे हेच असणार, असं मला मनापासून वाटतं.

हातमोजे:
वळणांचं पटलं, पण मला हवा आवडते. झाडीत शिरताच गारवा लागतो, पाण्याजवळून जाताना अंगावर ओल येते, कापलेल्या गवताचा वास येतो. काचा लावून बसलं की यातलं काही कळत नाही.

स्पार्क प्लग:
मी आवाजातला माणूस. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा इंधन पेटतं; ते ३००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला २५ वेळा इंधन पेटतं. ती धडधड फूटरेस्टवरून तळव्यात येते. गिअर कधी बदलायचा ते मीटर न बघता कळतं.

धाकट्याची ताई:
वळणवाट, तुमचं वाचून थोडं उमगलं. पण काळजी वाटते ती वाटतेच.

वळणवाट:
वाटायलाच हवी. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर जवळपास चौपट होतं, आणि आपल्याभोवती पत्रा नसतो. ज्याला बाईक खरंच आवडते तो हेल्मेटचा पट्टा आवळल्याशिवाय गाडी सुरू करत नाही. भावाकडे तेवढा आग्रह जरूर धरा.

आणि "मागे बसून कळत नाही" हे काही मला मान्य नाही. एकदा त्याच्यामागे नीट बसून बघा. हेल्मेट, जाड जॅकेट, बंद बूट घाला. वळणात गाडी कलली की घाबरून उलट बाजूला झुकू नका, त्याच्याच रेषेत राहा. उजवं वळण असेल तर त्याच्या उजव्या खांद्यावरून पुढे बघा, डावं असेल तर डाव्या. ब्रेक लागेल तेव्हा गुडघे आवळून धरा, म्हणजे तुमचं वजन त्याच्या पाठीवर येणार नाही. निघण्याआधी मागच्या टायरची हवा दोघांच्या हिशोबाने भरायला सांगा, आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.

धाकट्याची ताई:
येत्या सुट्टीला बसते. हेल्मेट मात्र माझ्या मापाचं घ्यावं लागेल, त्याचं मला सैल होतं.

वळणवाट:
हो, सैल अजिबात चालणार नाही. घालून डोकं हलवून बघा, हेल्मेट डोक्याबरोबरच हललं पाहिजे आणि गालांना घट्ट लागलं पाहिजे.