जुन्या प्लास्टरच्या छतात रिसेस्ड लाइट: भोकं कशी पाडायची?

एडिसनकर:
न्यू जर्सीतलं १९२६ चं घर. हॉलचं छत लाकडी पट्ट्यांवर प्लास्टरचं, वर बेडरूम, म्हणजे वरून काम करायला वाव नाही. ४ इंची सहा वेफर एलईडी (छतात बसणारे पातळ चपटे दिवे) बसवायचे आहेत. भोकं पाडायला जिगसॉ (वर-खाली चालणारी विजेची करवत) चालेल का?

खटपट्या:
जिगसॉ नकोच. पातं पट्टीला वर-खाली हिसडे देतं. पट्ट्यांच्या फटीतून पलीकडे गेलेल्या प्लास्टरच्या गाठींवरच छत लटकलेलं असतं. त्या तुटल्या की छताला पोट येतं.

आधी जॉइस्ट (छताच्या आतल्या आधाराच्या लाकडी तुळया) शोधा. ताकदीचा लोहचुंबक फिरवला की पट्ट्यांचे खिळे ओळीत लागतात, ती ओळ म्हणजे जॉइस्ट. बहुधा दर १६ इंचांवर. मग लाइटच्या जागेच्या मधोमध बारीक भोक पाडून काटकोनात वाकवलेली तार आत फिरवा. कुठे अडली तर जागा सरकवा.

होल सॉ (ड्रिलला लावायची गोल भोक पाडणारी करवत) कार्बाइड ग्रिटचा, म्हणजे दातांऐवजी कडेला कठीण कण असलेला, माप खोक्यातल्या टेम्प्लेटचं (४ इंची लाइटला भोक ४ पेक्षा जरा मोठं लागतं). ड्रिल हळू, हॅमर मोड बंद. ग्रिट प्लास्टर छान कापतो पण लाकूड नुसतं जाळतो, म्हणून पट्टी लागली की दातेरी बायमेटल (दोन धातूंचा) होल सॉ लावा. मधला बिट फटीत गेला तर सॉ भरकटतो. त्याच मापाचं भोक असलेला प्लायचा तुकडा छतावर दाबून धरायला कुणीतरी हवं.

फेज_न्यूट्रल:
त्याआधी वायरिंग बघा. त्या काळच्या घरांत चिनीमातीच्या खुंट्यांवरची नॉब-अँड-ट्यूब ही जुनी वायरिंग सापडते, तिला अर्थिंगची वायर नसते. तिच्यातून जोड काढू नका, नवी केबल ओढा. बऱ्याच फिक्स्चरवर (दिव्याच्या युनिटवर) ९० अंश सेल्सिअसची वायर हवी असं छापलेलं असतं. जुन्या केबलचं इन्सुलेशन तेवढं सोसत नाही. सहा दिव्यांचा लोड मात्र किरकोळ. परमिटचं नगरपालिकेत विचारा.

आणि धूळ! १९७८ पूर्वीच्या रंगात शिसं असू शकतं, प्लास्टरमध्ये अॅस्बेस्टॉस. नमुना तपासून घेतल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका.

एडिसनकर:
स्प्रिंग क्लिप एवढ्या जाडीला पुरतील?

खटपट्या:
पट्टी धरून छत पाऊण ते एक इंच भरतं, क्लिप मुख्यतः अर्ध्या इंचाच्या ड्रायवॉलसाठी (जिप्सम बोर्डसाठी) असतात. घेण्याआधी कमाल जाडी वाचा. क्लिप गाठीवर टेकली तर कड छताला चिकटत नाही, फट दिसते. गाठ फोडू नका, लाइट फिरवून दोन्ही क्लिप पट्टीवर आणा.